‘पैशाचं नंतर बघू’ म्हणणारे भाऊजी

पत्र

नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. १९९४ ची इमारत, तिसरा म्हणजे शेवटचा मजला, लिफ्ट नाही. ह्यांची बायपास झाल्यापासून जिने झेपत नाहीत. मुलगा पुण्यात वाकडला असतो, म्हणून हा टू बीएचके विकून तिकडेच जवळपास घर घ्यायचं ठरलंय. एजंट म्हणाला, सत्तर-पंच्याहत्तर लाख येतील, पण लोकांना दाखवायच्या आधी घर जरा नीट करून घ्या.

ह्यांचे शाळेपासूनचे मित्र घरदुरुस्तीची कामं घेतात. त्यांना सहज विचारलं, तर ते रविवारी टेप घेऊनच आले. ओटा बदलू, दोन्ही बाथरूमच्या टाइल्स काढू, हॉलला पीओपीचं खोटं छत करू, सगळ्या घराला पुट्टी मारून रंग देऊ. म्हणाले, "वहिनी, सहा-सात लाखांत घर ओळखू येणार नाही. पैशाचं नंतर बघू, घर विकलं की द्या." बेडरूमच्या छताला दर पावसाळ्यात ओल येते, ती दाखवली तर म्हणाले, "त्याच्याखाली पीओपी घेऊ, बघणाऱ्याला कळणारपण नाही."

मला हे सगळं नको वाटतंय. पण ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी भाऊजी हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्री झोपले होते. सध्या त्यांच्याकडे कामं कमी आहेत आणि डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे. हे म्हणतात, "त्याला काम दिलं तर बिघडलं कुठे?" नाही कसं म्हणू?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई,

विकायच्या घरावर किती खर्च करायचा, तो मित्राच्या हातून करायचा का, आणि ज्याने बाकड्यावर रात्री काढल्या त्याचं देणं कसं फेडायचं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. भाऊजींनी एका रविवारी टेप लावून तिन्हींचं एकच उत्तर काढलं: सहा-सात लाख. ते उत्तर तुमच्या घशाखाली उतरत नाहीये आणि ते बरोबरच आहे. म्हणून आधी घराबद्दल बोलू, भाऊजींकडे मग वळू.

तीस वर्षं उलटलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावरचं घर कोण घेतं? एक तर नुकतं लग्न झालेलं, बजेट आखूड असलेलं जोडपं. नाही तर आज ना उद्या इमारत रीडेव्हलपमेंटला जाईल ह्या हिशेबाने घेणारा माणूस. जोडप्याला स्वयंपाकघरात आपल्या मनासारख्या ट्रॉल्या बसवायच्या असतात. तुमचा नवा ग्रॅनाइटचा ओटा बघून ते "छान आहे" म्हणतील आणि सहा महिन्यांत फोडतील. रीडेव्हलपमेंटवाल्याला तर तुमच्या टाइल्सशी काही देणंघेणंच नाही, त्याचं लक्ष कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रफळावर. तुमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचा विषय एखाद्या सर्वसाधारण सभेत निघाला असेल, तर ओटा आणि बाथरूम ह्या दोन गोष्टी यादीतून आजच खोडा.

शिवाय घेणारा बहुधा कर्ज काढणार. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येऊन मुख्यतः क्षेत्रफळ, इमारतीचं वय, तिचं उरलेलं आयुष्य, आसपासचे दर आणि कागदपत्रं बघतो. हॉलच्या पीओपीची नक्षी बघून तो कर्जाची रक्कम वाढवत नाही. तुमच्या व्यवहारात घोडं अडलंच तर ते कागदावर अडेल: शेअर सर्टिफिकेट, आधीच्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा उतारा), बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची बाकी नसल्याचा दाखला. आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी झालं, ते सेक्रेटरींना विचारा. अहवाल हातात असणं हे नव्या टाइल्सपेक्षा जास्त कामाचं आहे.

मग करायचं काय? घर स्वच्छ, उजेडाचं आणि चालू दिसलं पाहिजे, बस्स. सगळीकडे एकच फिकट रंग. गळके नळ, बिघडलेला बॉल कॉक, न लागणाऱ्या कड्या, काळे पडलेले स्विचबोर्ड, फाटलेल्या जाळ्या, बाथरूमच्या टाइल्समधले काळे सांधे घासून नव्याने भरणं, हलणारी एखादी फरशी. आणि माळ्यावरचं सामान बाहेर. हे शेवटचं काम फुकटातलं, पण सगळ्यात अवघड, हे मला माहीत आहे. तीस वर्षांचा माळा रिकामा करताना नवरा-बायकोत जेवढी भांडणं होतात तेवढी घर विकतानाही होत नाहीत.

रंगाचा अंदाज तुम्हाला स्वतःलाही काढता येईल. भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र ढोबळमानाने कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट भरतं. त्याला चौरस फुटाचा दर लावला की आकडा आला. दोन अनोळखी रंगाऱ्यांना बोलवून दर विचारून घ्या. भाऊजींना तो दर तोंडावर फेकून घासाघीस करायची नाही, नुसता तुमच्या माहितीसाठी. बाजारभाव माहीत नसताना मित्राशी बोलायला बसलं की माणूस एक तर गप्प बसतो नाही तर संशय घेतो.

आता ओल. ह्या एका मुद्द्यावर मी तुम्हाला सल्ला देत नाहीये, चक्क हट्ट करतेय: छताखाली पीओपी घ्यायचं नाही.

पहिलं कारण साधं आहे. पाणी वरून येतंय. खाली पीओपी केलं की ते थांबत नाही, नुसतं दिसेनासं होतं. ते पीओपीच्या मागे साठतं, पंख्याच्या हुकापाशी किंवा लाइटच्या पॉइंटपाशी वाट काढतं आणि एक दिवस तुकडा खाली येतो. स्लॅबमधल्या सळया गंजायला लागल्या असतील, तर तेही झाकलं जातं. ओल्या छतावर पुट्टी मारली तर ती पुढचा पावसाळासुद्धा बघत नाही, पोपडे होऊन पडते.

दुसरं कारण कायद्याचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्यं लिहिली आहेत. त्यातलं पहिलंच असं की, मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने बघून सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायला हवा. न सांगणं ही फसवणूक मानली जाते, असंही त्याच कलमात पुढे म्हटलंय. आता बघा, छत उघडं असताना ओलीचा डाग कोणालाही दिसतो. भाऊजींच्या पीओपीमुळे तो "साध्या पाहणीत न सापडणारा" होतो. म्हणजे पैसे मोजून तुम्ही स्वतःवरची जबाबदारी वाढवणार. आणि पहिल्या पावसात नवा मालक जेव्हा शेजाऱ्यांना विचारेल, तेव्हा समोरच्या काकू निरागसपणे सांगतील, "अहो, ते तर दरवर्षीच गळायचं."

तिसरं कारण ऐकून तुम्हाला बरं वाटेल. हा खर्च मुळात तुमचा नाहीच. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींत कोणती दुरुस्ती सोसायटीने करायची, ह्याची यादी आहे. तिच्यात गच्ची आहे, कठडे आहेत, आणि गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घरांचं छत आणि छताचं प्लास्टर खराब झालं, तर तेही आहे. बाथरूम-सिंकमधली आतली गळती सभासदाची, गच्चीची सोसायटीची. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत काढून खात्री करून घ्या आणि लेखी अर्ज द्या. डागाचे फोटो तारखेसकट जोडा. पाऊस चालू आहे तोवरच द्या. दिवाळीत कोरडं छत दाखवून गळतीची तक्रार केलीत, तर कमिटी चहा पाजून परत पाठवेल. वॉटरप्रूफिंग पाऊस थांबून गच्ची वाळल्यावरच होईल. गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची असेल, तर त्याला महापालिकेची परवानगी आणि सभेचा ठराव लागेल, ते एका महिन्यात उरकायचं काम नव्हे.

तोवर घर बघायला कोणी आलं, तर डाग दाखवा, सोबत अर्जाची प्रत दाखवा आणि म्हणा, "गच्चीचं काम सोसायटीचं आहे, हा अर्ज." लाख-दीड लाख कमी करा म्हणतील. थोडे कमी करा हवं तर. सात लाख घालण्यापेक्षा ते परवडतं.

आता भाऊजी.

त्यांची नियत मला तुमच्या पत्रातून तरी खोटी वाटत नाही. माणूस आपल्या धंद्याच्या चष्म्यातून बघतो. टेप घेऊन आलेल्याला प्रत्येक भिंत मोजावीशी वाटते. "पैशाचं नंतर बघू" हे ते तुमच्यावरच्या लोभाने म्हणाले असतील. पण त्याचा व्यवहारात अर्थ काय होतो ते बघा. गवंडी, बिगारी, रंगारी, प्लंबर ह्यांचा हिशेब आठवड्याला होतो. शनिवारी संध्याकाळी त्यांना रोख लागते. सिमेंट-टाइल्सवाला फार तर महिनाभर थांबतो. म्हणजे तुमचं घर विकलं जाईपर्यंत भाऊजी स्वतःच्या खिशातून, नाही तर व्याजाने काढून, तुमच्या घरात पैसे ओतणार. हातात कामं कमी असताना, मुलीच्या लग्नाच्या तोंडावर. आणि घर विकायला मार्च उजाडला तर? डिसेंबरमध्ये त्यांना हॉलवाल्याला पैसे द्यायचे असतील, ते तुमच्याकडे तोंड उघडून मागू शकणार नाहीत, आणि तुम्हाला त्यांच्यासमोर चहा घेणं अवघड होईल. ती उधारी तुमच्यापेक्षा त्यांना जड जाणार आहे. तुमच्या ह्यांना हे असं सांगून बघा. "तो फसवेल" असं म्हणालात तर ते चिडतील. "तो अडकेल" हे त्यांना पटेल, कारण ते खरं आहे.

दुसरी गोष्ट, जी दुरुस्तीची कामं करून घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: मित्राचं काम कंत्राटदाराच्या यादीत शेवटी जातं. रोख देणारं गिऱ्हाईक आलं की माणसं तिकडे हलतात, कारण मित्र समजून घेतो. तुम्हाला तर तारीख गाठायची आहे. ओटा फोडलेला आणि कोपऱ्यात राडारोड्याची पोती, अशा अवस्थेत घर बघायला येणाऱ्यांना तुम्ही काय दाखवणार?

मग भाऊजींना काम द्यायचंच नाही का? द्या की. रंग आणि किरकोळ दुरुस्त्या एवढंच, आणि पूर्ण भावाने. मात्र आधी एक कागद. त्यावर प्रत्येक काम वेगळं, त्याचं माप, दर, मजुरी किती आणि माल किती, रंग कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या प्रतीचा, किती हात, सुरुवात कधी, शेवट कधी. माल तुम्ही थेट दुकानातून घ्या, दुकान भाऊजींच्या ओळखीचं असलं तरी चालेल, पैसे तुमच्या खात्यातून जाऊ देत. मजुरी सुरुवातीला थोडी, मग आठवड्याच्या हिशेबाने, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के सगळं बघून झाल्यावर. मधेच "वहिनी, हेपण करून टाकू का" असं होणारच. त्याला उत्तर एकच: आकडा सांगा, मग सांगते. भाव त्यांनी फारच कमी लावला, तर तोही घेऊ नका. मजुरांचे पैसे सुटणार नसतील, तर तूट कुठून तरी भरून निघते, रंगाच्या दुसऱ्या हातातून म्हणा किंवा पुढच्या दहा वर्षांच्या बोलण्यातून म्हणा.

सोसायटीला कामाचं पत्र द्या, कामाच्या वेळा आणि राडारोडा उचलण्याचे नियम विचारा. तिसऱ्या मजल्यावरून पोती उतरवायची मजुरी कोणाची, हेही कागदावर येऊ दे. ह्या फालतू वाटणाऱ्या ओळीवरून भांडणं झालेली आहेत.

कराचं थोडक्यात सांगते. "बिल नको, अठरा टक्के जीएसटी वाचेल" असं कोणीतरी म्हणेलच. रंग आणि किरकोळ दुरुस्ती भांडवली नफ्यातून, म्हणजे घर विकून होणाऱ्या नफ्यातून, वजा मिळत नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला फरक पडणार नाही असं वाटेल. पण घरात आजवर केलेली मोठी सुधारणा, म्हणजे ग्रिल घालून बंद केलेली बाल्कनी किंवा नव्याने केलेलं बाथरूम, ही बिल आणि बँकेची नोंद असेल तर वजावटीला धरता येते, नसेल तर विसरा. जुनी बिलं शोधून ठेवा. घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल, तर त्या दिवशीचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरायची सोय आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराच्या खरेदी किमतीला महागाई निर्देशांक लावून नफ्यावर २० टक्के कर की न लावता १२.५ टक्के, हाही पर्याय भारतात राहणाऱ्या (निवासी) व्यक्तीला मिळतो. आणि वाकडला घर घेणारच आहात, तर मुदतीत ते घेतल्यास नफ्यावरचा कर वाचू शकतो. एकदा सीएकडे जाऊन बसा, एजंटच्या तोंडी गणितावर विसंबू नका. एजंटचं पोट सौदा झाल्यावर भरतं. "घर नीट करा" हे सांगायला त्याचं काही जात नाही.

बोलायचं कोणी? तुमच्या ह्यांनी. शाळेपासूनची मैत्री त्यांची आहे, आणि तुम्ही बोललात तर "वहिनींनीच मोडता घातला" हे कायमचं चिकटेल. फोनवर नको, घरी सगळ्यांदेखत नको. संध्याकाळी चालायला जातात ना, डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तेव्हा भाऊजींना सोबत घेऊ देत. शब्द साधे असू देत: "अरे, आपल्याला आता इथे राहायचं नाहीये. म्हणून ओटा, बाथरूम, पीओपी काहीच करत नाही. रंग आणि नळ-कड्या एवढं तू कर. लिहून दे, पैसे दर शनिवारी घेऊन जा. आणि छताचं सोसायटीकडे दिलंय, त्याला हात नको लावूस." एवढंच. एजंटवर, मुलावर, सुनेवर ढकलू नका. "मुलगा नको म्हणतो" म्हणालात, तर भाऊजी मुलाला फोन लावतील. मग घरी आल्यावर ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून त्यांना पाठवा, म्हणजे कागद मागण्याचा अवघडलेपणाही जाईल.

राहिलं बाकड्यावरच्या रात्रींचं देणं. ते ओट्याच्या बिलात घालून फेडू नका. तसं केलंत, तर तुम्हाला खर्च झाला असं वाटत राहील आणि त्यांना कष्टाचे पैसे मिळाले असं. दोघांच्याही हिशेबात देणं तसंच शिल्लक. मुलीच्या लग्नात काय करायचं ते दोघं बसून ठरवा. पन्नास हजारांचा आहेर म्हणा, एखादा दागिना म्हणा, नाही तर जेवणाच्या एका पंगतीचा खर्च उचला. लग्नाआधी त्यांना हात-उसने लागणार असतील आणि तुम्हाला जमत असेल, तर द्या, पण ते उसने म्हणूनच द्या, कामाचा ॲडव्हान्स म्हणून नको. आणि पैशाशिवायही पुष्कळ असतं. ह्यांना आता विश्रांती आहे, तुम्हाला हिशेबाची सवय आहे. लग्नघरात पत्रिका वाटण्यापासून आहेराच्या नोंदीपर्यंत माणसं लागतात.

भाऊजी रागावतील का? चार दिवस रागावतीलही. तुटकपणे "बरं, बघू" म्हणतील आणि रंगाचं कामही नको म्हणतील. तसं झालं, तर दुसरा रंगारी लावा आणि तो काम करतोय हे भाऊजींपासून लपवू नका. वाकडला घर बघायला जाल, तेव्हा भाऊजींना सोबत न्या. कुठल्या भिंतीला ओल आहे, कुठल्या बाथरूमचा उतार उलटा आहे, हे तुम्हा दोघांना दिसणार नाही, त्यांना उंबऱ्यातून दिसेल. त्या कामात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस तुम्हाला विकत मिळणार नाही.

रंगाला पितृपक्ष साधा. त्या दिवसांत लोक तसेही टोकन द्यायला कचरतात आणि पाऊसही ओसरत आलेला असतो. दसऱ्याला घर दाखवायला तयार हवं. भाऊजी असोत की दुसरा कोणी, रंगाऱ्याला आठवडा ठरवून आत्ताच सांगून ठेवा. नवरात्र लागलं की दिवाळीची कामं सुरू होतात, मग डोंबिवलीत रंगारी मिळत नाही.